मदत हवी आहे : जुनी ९११ घ्यायची ठरलीय, पण ३.२, ९६४ की ९९६?

नमस्कार मंडळी,

इतके दिवस वाचनमात्र होतो. आता डोकं चालेनासं झालंय म्हणून धागा काढतोय.

पोर्शे ९११ घ्यायची हे नक्की. कोणत्या पिढीची (३.२, ९६४, ९९३, ९९६ ही त्या पिढ्यांचीच नावं), इथे घोडं अडलंय. रोजच्या वापराला नको, पण कापड घालून गॅरेजात पुजायलाही नको. सुटीच्या दिवशी पहाटे निघायचं, वळणावळणाचा रस्ता गाठायचा, पाऊस आला तर आला. तेल, फिल्टर, ब्रेक पॅड एवढं घरी जमतं. इंजिन खोलणं कुवतीबाहेरचं. आजवर चालवलेल्या सगळ्या गाड्यांचं इंजिन पुढे होतं, हेही आधीच सांगून टाकतो.

१९७३ पर्यंतच्या गाड्या यादीतून काढल्या. दिसायला त्यांना तोड नाही, पण पत्रा गंजतो (सगळी बॉडी जस्त चढवलेल्या पत्र्याची झाली ती १९७६ च्या मॉडेलपासून), आणि संग्राहकांनी किमती आभाळाला नेऊन ठेवल्यात. ९९३ ही शेवटची एअर-कूल्ड (हवेने थंड होणारी), त्यामुळे तीही हाताबाहेर. उरल्या तीन.

३.२ कॅरेरा, १९८४ ते ८९. २३१ हॉर्सपॉवर, वजन साधारण १२०० किलो. पॉवर स्टीअरिंग नाही, एबीएस नाही. एक चालवून पाहिली, १९८५ ची. पेडल वरून लोंबत नाहीत, जमिनीतून उगवतात. पाय कुठे टेकवायचा हेच आधी कळेना. गाडी थंड होती तोवर दुसरा गिअर पडेना. घाई केली की करकर, हात सावकाश नेला की मुकाट्याने आत. उतरलो तेव्हा दंड भरून आले होते आणि तोंडावरचं हसू जात नव्हतं.

९६४, १९८९ ते ९४. ३.६ लिटर, २५० हॉर्सपॉवर. ८५ टक्के भाग नवे असं कंपनीने तेव्हा सांगितलं होतं, बाहेरून बघून अजिबात पटत नाही. मागचा स्पॉयलर ताशी ८० किमीला आपोआप वर येतो. ही अजून चालवायला मिळालेली नाही.

९९६. पाण्याने थंड होणारी पहिली ९११, सुरुवातीला ३.४ लिटर आणि ३०० हॉर्सपॉवर. सगळ्यात वेगवान, सगळ्यात सोपी, आणि तिघींत स्वस्त. पण ते हेडलाइट! समोरून पोर्शेचीच स्वस्त बॉक्स्टर कुठली आणि ही कुठली, कळत नाही. शिवाय आयएमएस बेअरिंगबद्दल (इंजिनातलं एक बेअरिंग, ते गेलं की इंजिनच जातं) वाचलं की झोप उडते.

तर प्रश्न असे. पुढच्या इंजिनाची सवय असलेल्या माणसाला ३.२ झेपेल का? ९६४ मध्ये जुन्या गाडीची मजा खरंच उरते, की ती अधलीमधली आहे? आणि आयएमएसची भीती किती खरी?

— वळणवेडा

*

चक्रधर :

धागा आवडला. सगळे जण ९११ चा इतिहास १९९८ ला तोडतात, आधीच्या हवेवाल्या आणि नंतरच्या पाणीवाल्या. चालवणाऱ्याच्या दृष्टीने ही फाळणी चुकीच्या जागी केलेली आहे असं माझं मत. खरी रेघ १९८९ ला पडते.

३.२ चं सस्पेन्शन टॉर्शन बारवर (स्प्रिंगऐवजी पिळल्या जाणाऱ्या दांड्यांवर) आहे, म्हणजे मूळ आराखडा साठच्या दशकातलाच. ९६४ ला कॉइल स्प्रिंग आल्या, पॉवर स्टीअरिंग आलं, एबीएस आलं. आधी फोर व्हील ड्राइव्हची कॅरेरा ४ आली, मग फक्त मागची चाकं ओढणारी कॅरेरा २. इंजिनाचा आवाज मात्र तोच राहिला, पंख्याची घरघर आणि त्याखाली ती कोरडी खरखर. म्हणून ती 'अधलीमधली' आहे हे खरं, पण तुमच्यासारख्यासाठी तोच तिचा गुण आहे. तुम्हाला पावसातही जायचंय ना? ओल्या रस्त्यावर एबीएस नसलेली ९११ आणि असलेली ९११ या दोन वेगळ्या गाड्या आहेत.

झेपण्याबद्दल. ९११ चं इंजिन मागच्या ॲक्सलच्याही मागे लटकतं. वळणात घाबरून ॲक्सिलरेटर सोडलात की वजन पुढे सरकतं, मागच्या टायरांची पकड सुटते आणि मागचा भाग वळणाच्या बाहेर निघतो. पुढच्या इंजिनवाल्या गाडीत पाय उचलला की बहुतेक वेळा सुटका होते. इथे उचललात की संकट सुरू. म्हणून वेग वळणाआधी, सरळ रस्त्यावरच कमी करायचा, ब्रेक सोडायचा आणि वळणात हलका पण स्थिर ॲक्सिलरेटर ठेवायचा. हे अंगवळणी पडलं की तेच मागचं वजन वळणातून बाहेर निघताना गाडीला असं काही ढकलतं की पुढच्या इंजिनाच्या गाड्या फिक्या वाटतात. कंपनीलाही हा त्रास पहिल्यापासून माहीत होता. सुरुवातीच्या काही गाड्यांत पुढच्या बंपरमध्ये चक्क वजनं बसवली होती, आणि १९६९ च्या मॉडेलला व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) ५७ मिमी वाढवला. मागच्या सस्पेन्शनची रचना मुळातून बदलली ती थेट ९९३ ला. म्हणजे ९६४ सुद्धा बेसावध माणसाला माफ करत नाही, फक्त इशारा जरा लवकर देते.

*

तेलकट_हात :

चक्रधरांशी बव्हंशी सहमत, पण ३.२ ला इतक्या लवकर निरोप देऊ नका. तुम्ही चालवलीत ती ९१५ गिअरबॉक्सची. १९८७ पासून जी५० आला. क्लच हायड्रॉलिक झाला आणि दुसऱ्या गिअरची ती मनधरणी संपली. ९१५ वरून ३.२ चं मोजमाप करू नका, एकदा ८७ नंतरची चालवा. घरी काम करणाऱ्याला ३.२ सारखी गुणी गाडी नाही. आधीच्या एससी मॉडेलचे चेन टेन्शनर (इंजिनातली साखळी ताणून धरणारे) दगा द्यायचे, ३.२ ला ते इंजिनाच्या तेलाच्या दाबावर चालणारे दिले आणि ती डोकेदुखी गेली. मात्र व्हॉल्व्हचं अंतर वेळच्या वेळी जुळवून घ्यावं लागतं. आणि व्हॉल्व्ह गाइड झिजले असतील तर तेल पिते, तो खर्च मोठा.

९६४ बघताना : सुरुवातीच्या इंजिनांत सिलेंडर आणि हेडच्या मध्ये गॅस्केटच नव्हतं, त्यामुळे तिथून तेल गळतं. पुढे ते सुधारलं. काम झालंय का ते कागदावर बघा, तोंडी सांगण्यावर जाऊ नका. शिवाय या इंजिनात प्रत्येक सिलेंडरला दोन स्पार्क प्लग आणि जोडीला दोन डिस्ट्रिब्युटर (प्लगांना वीज वाटून देणारे). दुसरा पहिल्यावरून एका छोट्या पट्ट्याने फिरतो. तो पट्टा तुटला तरी गाडी चालत राहते, म्हणून लक्षात येत नाही, पण इंजिनावर ताण पडतो. तो कधी बदलला हे विचारा. मालक गोंधळला तर समजून जा.

*

नाखूष_हौशी :

९९६ ची बाजू कोणीच घेत नाही म्हणून मी घेते. चार वर्षांपासून चालवते आहे. हेडलाइट आत बसल्यावर दिसत नाहीत, हा विषय इथेच संपला.

लोक तिला सुस्तावलेली म्हणतात, पण बेसिक कॅरेरा ९९३ पेक्षा जवळपास ५० किलो हलकी आहे. व्हीलबेसही लांब, त्यामुळे मागचा भाग निसटण्याची भीती तिघींत सगळ्यात कमी.

आयएमएस म्हणजे इंजिनातल्या मधल्या शाफ्टचं बेअरिंग. ते गेलं की टायमिंग चुकतं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन भंगारात. भीती खोटी नाही, पण उपाय आहे. क्लच बदलताना गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, त्याच वेळी बेअरिंगही बदलून घ्यायचं. बहुतेक जाणकार मालकांनी ते केलेलं असतं. टर्बो आणि जीटी३ ला हा प्रश्नच नाही, त्यांचं इंजिन वेगळ्या घराण्यातलं, पोर्शेचे इंजिन-अभियंते हान्स मेत्स्गर यांच्या आराखड्यावरचं.

मी स्वतः बेअरिंगपेक्षा बोअर स्कोअरिंगला जास्त घाबरते. सिलेंडरच्या भिंतीवर उभे ओरखडे पडतात. यात ३.६ इंजिनं ३.४ पेक्षा जास्त सापडतात. घेण्याआधी बोअरस्कोप (नळीवरचा बारीक कॅमेरा) आत घालून बघाच. टेलपाइपमध्ये बोट फिरवा. एका बाजूचा दुसऱ्यापेक्षा जास्त काळा आणि ओशट असेल तर गाडीला नमस्कार करून परत या.

*

वळणवेडा (धागाकर्ता) :

सगळ्यांचे आभार, इतक्या तपशिलाची अपेक्षा नव्हती. नाखूष_हौशी ताई, मुद्दे सगळे पटले, पण गॅरेजचं दार उघडल्यावर ते तोंड दिसणार, त्याचं काय करू? ९९६ सध्या बाजूला ठेवतो.

दोन गाड्या समोर आहेत. एक १९८८ ची जी५० वाली ३.२, दुसरी १९९२ ची ९६४ कॅरेरा २, मॅन्युअल. दोन्ही मालक म्हणतात "थोडं तेल गळतं, सगळ्याच गळतात." हे कितपत खरं मानायचं? आणि या आठवड्यात बघायला जातोय, तर तिथे नेमकं काय करू?

*

तेलकट_हात :

थोडं गळतं हे खरंच आहे. प्रश्न कुठून गळतं हा. हीटर पूर्ण चालू करून बघा. या गाड्यांचा हीटर एक्झॉस्टभोवतीच्या कवचातली गरम हवा आत सोडतो. तिथे तेल ठिबकत असेल तर केबिनमध्ये जळक्या तेलाचा वास येईलच.

तेलाची पातळी बघताना मालक इंजिन बंद करून डिपस्टिक काढू लागला तर त्याला गाडीची माहिती नाही असं समजा. ड्राय सम्प आहे, म्हणजे तेल इंजिनाखाली नाही, वेगळ्या टाकीत असतं. इंजिन पूर्ण गरम, चालू, आणि गाडी सपाट जागेवर, तेव्हाच खरी पातळी कळते.

कॉम्प्रेशनसोबत लीक-डाउन चाचणीही (सिलेंडरमध्ये हवा भरून ती किती गळते ते बघणं) करून घ्या, सहाही सिलेंडरची. आणि दोघांनाही आधीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. थंड इंजिन सुरू होताना निळ्या धुराचा एक झोत आला तर काळजी नाही, या इंजिनाची ती जुनी खोड आहे. मिनिटभरानंतरही धूर येतच राहिला तर पुढची चर्चा नको. पोचलात की आधी बोनेटवर नाही, मागच्या इंजिनाच्या झाकणावर हात ठेवा. कोमट लागलं तर कारण विचारा.