मदत हवी आहे: ग्रेड १ आणि स्टेज ४, दोन्ही एकाच रिपोर्टवर कसं?

नमस्कार मंडळी. आईला (वय ६३) लहान आतड्याचा न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर (हार्मोन सोडणाऱ्या पेशींची गाठ) निघालाय. मूळ गाठ इलियममध्ये (लहान आतड्याच्या शेवटच्या भागात), जेमतेम पावणेदोन सेंमीची. पण बाहेर मेसेंटरीत (आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्यात) तिच्याहून मोठी गाठ आहे आणि यकृतात पाच-सहा डाग. बायोप्सी म्हणते: वेल डिफरन्शिएटेड (पेशी बऱ्याचशा मूळ पेशींसारख्याच), ग्रेड १, केआय-६७ २ टक्के. आणि फाइलच्या पहिल्या पानावर डॉक्टरांच्या अक्षरात स्टेज ४. चार दिवस मी हे दोन कागद आलटून-पालटून वाचतेय. एकाने हायसं वाटतं, दुसऱ्याने पोटात गोळा येतो.

सहा वर्षं पोटदुखी आणि जुलाब होते, आयबीएसच्या (चिडक्या आतड्याच्या) गोळ्या चालू होत्या. दीड वर्षापासून चेहरा आणि मान अचानक लालबुंद व्हायची, दोन-तीन मिनिटांत पूर्ववत. घाम अजिबात नाही. मी आपलं "पाळी गेल्यावर होतं असं" म्हणत राहिले. पाळी जाऊन बारा वर्षं झाली होती, हे डोक्यातच आलं नाही. शेवटी आतडं अडकलं, तेव्हा सीटीत सगळं दिसलं.

डॉक्टर म्हणाले, केमो नको. दर चार आठवड्यांनी ऑक्ट्रिओटाइडचं इंजेक्शन. आधी गॅलियम डोटाटेट पेट स्कॅन, २४ तासांच्या लघवीची तपासणी आणि हृदयाचा इको. आतड्याच्या गाठीला इको कशाला, हे विचारायचं राहूनच गेलं. मावशी तर म्हणतेय, केमो देत नाहीत म्हणजे हात टेकलेत. खरंच तसं असतं का? जाणकारांनी कृपया सांगावं.

काचपट्टी:
ताई, मी पॅथॉलॉजीत आहे. ग्रेड म्हणजे गाठीचा वेग आणि स्टेज म्हणजे तिने कापलेलं अंतर. गोगलगायही वर्षानुवर्षं चालत राहिली तर लांब पोचतेच. केआय-६७ वरून किती टक्के पेशी विभागणीच्या वाटेवर आहेत ते कळतं. ३ च्या खाली ग्रेड १, ३ ते २० ग्रेड २, त्यावर ग्रेड ३. नेहमीची केमो भराभर विभागणाऱ्या पेशींवर चालते, आणि तुमच्या आईच्या गाठीत तशा पेशीच थोड्या आहेत. म्हणजे हात टेकलेले नाहीत, हत्यार वेगळं आहे. या पेशींवर बहुधा सोमॅटोस्टॅटिन या हार्मोनचे रिसेप्टर (त्याला पकडणाऱ्या जागा) असतात. ऑक्ट्रिओटाइड तिथेच चिकटतं आणि डोटाटेट स्कॅनही तेच दाखवतो. पुढे लागलं तर त्याच वाटेने ल्युटेशियम १७७ हे किरणोत्सर्गी औषध आत सोडता येतं.

नेटवर 'न्यूरोएंडोक्राइन कार्सिनोमा'चे आकडे मात्र वाचू नका. तो वेगळा आणि फार आक्रमक आजार आहे.

आता इको. ही गाठ सेरोटोनिन नावाचं रसायन सोडते. आतड्यातून आलेलं सेरोटोनिन एरवी यकृत मोडून टाकतं. गाठी यकृतातच बसल्या की ते थेट हृदयाच्या उजव्या बाजूला पोचतं. चेहरा लाल होणं त्यातलंच. पुढे उजवीकडच्या झडपा जाड होऊ शकतात. डावी बाजू बहुतेकदा वाचते, कारण मध्ये फुफ्फुसं आहेत, तीही सेरोटोनिन मोडतात.

निवांत:
आमच्याकडे नवऱ्याला नऊ वर्षं झाली, कामावर जातो. अनुभवाचं सांगते. लघवी गोळा करण्याआधी दोन-तीन दिवस केळी, अननस, टोमॅटो, अक्रोड बंद, नाहीतर लघवीतला सेरोटोनिनच्या अवशेषाचा आकडा उगाच वाढतो. इंजेक्शन फ्रिजमधून काढून अर्धा-एक तास बाहेर ठेवावं लागतं आणि कालवलं की लगेच टोचायचं. आमच्या पहिल्या वेळी नर्स कालवून दुसऱ्या पेशंटकडे गेली, औषध खाली बसलं आणि सुई तुंबली. नंतर शौच तेलकट, तरंगणारी व्हायला लागली तर सांगा, एन्झाइमच्या कॅप्सूल मिळतात. आणि कुठलीही भूल द्यायची असेल तर आधी हा आजार सांगायचाच. भुलेत रक्तदाब एकदम कोसळू शकतो.

धागाकर्ती:
दोघांचेही आभार. गोगलगाय मावशीला ऐकवली, फोनवर बराच वेळ गप्प होती. केळी आजपासून बंद. एकच विचारते: आई वर्षभर रोज पँटोप्राझोल (ॲसिडिटीची गोळी) घेतेय. त्याने क्रोमोग्रॅनिन ए (अशा गाठीची रक्तातली खूण) वाढलेलं दिसतं असं आत्ता वाचलं, आणि ती तपासणी तर गेल्याच आठवड्यात झाली. गोळी आपल्या मनाने थांबवणार नाही, पण डॉक्टरांना पुन्हा तपासणी करायला सांगावं का?