खोकं ओरिजनल, होलोग्रामही आहे, तरी पद्मिनीचे ब्रेक चिकटतात

वाईकर_११००

नमस्कार मंडळी. गाडी प्रीमियर पद्मिनी, १९७८ ची, हँडल गिअर. वडिलांची. महिन्यातून दोनदा बाहेर काढतो, एरवी झाकलेलीच असते.

गेल्या मे महिन्यात ब्रेकचं पेडल हळूहळू खाली बसायला लागलं म्हणून मास्टर सिलिंडरचं (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग) किट, म्हणजे आतले रबरी कप, बदललं. किट नेहमीच्या दुकानातून, नामांकित कंपनीच्या खोक्यातलं, ३५० रुपये. बिल मागितलं नाही, चूक माझी. सहा महिने काही तक्रार नव्हती.

परवा पाचगणीहून उतरताना पसरणी घाटात गंमत झाली. उतारावर गाडी धावायची सोडून अडायला लागली. उतारावर अ‍ॅक्सिलरेटर द्यावा लागतोय म्हटल्यावर पोटात गोळाच आला. पेडल दगडासारखं कडक. खाली धोमचं पाणी दिसतं त्या वळणावर थांबलो, तर लायनर जळाल्याचा वास, आणि चारपैकी एकाही ड्रमला हात लावता येईना. बायको म्हणाली, पाणी ओत. नाही ओतलं, तापल्या ड्रमला तडा जायचा. पाऊण तास बसून राहिलो. गार झाल्यावर चाकं आपोआप मोकळी झाली, आणि तीन किलोमीटरवर पुन्हा तेच.

घरी मिस्त्रींनी सिलिंडर खोलला. आतला रबरी कप फुगून भिजलेल्या खारकेसारखा झालेला, नख दाबलं तर वण राहतो. दुकानदार म्हणतो, "माल ओरिजनल आहे, तुम्ही ऑइल कुठलं टाकलं ते बघा." खोकं जपून ठेवलंय. रंग, नाव, होलोग्राम सगळं जागच्या जागी. आतली पिशवी मात्र स्टेपल मारलेली, आधीच्या किटची चिकटवून बंद केलेली होती असं अंधुक आठवतं.

माल डुप्लिकेट आहे हे ओळखायचं कसं? आणि आता चांगलं किट आणू कुठून?

पेठेतला_मोटारवाला

नाना पेठेत दोन-तीन जुनी दुकानं आहेत, माळ्यावर वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा पद्मिनीचा माल पडलेला असतो. रविवारी जुन्या बाजारातही चक्कर मारा. तेव्हाचा कंपनी माल मिळाला तर डोळे झाकून घ्या.

कुर्ल्याचा_फिटर

डोळे झाकून घेऊ नका. पत्रा, बिजागरी, दाराचं हँडल, गिअर, हे जुन्या स्टॉकचं सोनं आहे, मिळेल त्या भावात घ्या. रबर नाही. पंचवीस वर्षं माळ्यावर उन्हाळे काढलेला कप खोक्यात नवा दिसतो, पण ओठ कडक झालेला असतो. महिनाभरात गळतो.

वाईकर, आता तुमचं. मी एकतीस वर्षं टॅक्सीचं काम केलं, तेही गाडी जिथे बनायची त्या कुर्ल्यात, म्हणून थोडं लांबण लावतो.

मास्टर सिलिंडरमध्ये सुईच्या टोकाएवढं एक भोक असतं. पेडल सोडलं की त्या भोकातून ऑइल वर टाकीत परत जातं. कप फुगला की त्याचा ओठ ते भोक झाकतो. ऑइल अडकतं, ड्रम तापतात, त्या तापानं ऑइल आणखी फुगतं, आणि पाय न लावता ब्रेक लागत जातो. गार झाल्यावर सुटतो. तुमचं वर्णन तंतोतंत हेच आहे. तरी पेडलला फ्री प्ले, म्हणजे दाब सुरू होण्याआधीची थोडी मोकळी हालचाल, आहे ना ते बघून घ्या. पेडलचा रॉड घट्ट बसवलेला असेल तर चांगला कपही भोक झाकून बसतो, आणि शिव्या खातो पार्टवाला.

पुन्हा असं रस्त्यात झालं तर मास्टर सिलिंडरला जोडलेल्या पाइपचा नट जरासा ढिला करायचा. चाकं सुटली तर दोष वर, मास्टर सिलिंडरमध्ये. नाही सुटली पण चाकाजवळचं निपल (ऑइल बाहेर सोडायचा स्क्रू) उघडल्यावर ते चाक सुटलं, तर मधला रबरी होज आतून बुजलाय. नट लगेच आवळा. पेंटवर थेंब सांडू नका, ब्रेक ऑइल रंग खातं.

दुकानदाराचा प्रश्न चुकीचा नाही, हेही सांगतो. ब्रेक ऑइलच्या टाकीत कुणी चुकून इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं ऑइल ओतलं, तर अस्सल कंपनीचा कपसुद्धा असाच फुगतो. म्हणून आधी टाकीतलं चमचाभर ऑइल पाण्याच्या ग्लासात टाका. मिसळलं तर ब्रेक ऑइल. वर तवंग आला तर दुकानदार सुटला, आणि गाडीतलं ब्रेकचं प्रत्येक रबर, होजसकट, बदलावं लागेल.

मिसळलं, तर खोक्याकडे बघत बसू नका. खोकं आणि होलोग्राम छापणं सगळ्यात सोपं काम आहे. तसलंच दुसरं किट आणा, कप काचेच्या बरणीत, सीलबंद बाटलीतल्या नव्या ऑइलमध्ये बुडवा. झाकण घट्ट, कारण ते हवेतलं पाणी ओढतं. तीन दिवस गच्चीत उन्हात. आधी आणि नंतर व्हर्नियरनं मोजा.

आणि हा माल आताच का बोकाळला ते सांगतो. टॅक्सीवाला रोज शंभरेक किलोमीटर चालवायचा. सकाळी विकलेला खोटा कप आठवड्यात उघडा पडायचा, आणि चार टॅक्सीवाले दुकानासमोर उभे राहायचे. दुकानदाराची काय बिशाद! मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदली गेली, २० वर्षांची मुदत भरून २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली. आता गिऱ्हाईक उरलं तुमच्यासारखं हौशी. वर्षाला हजार किलोमीटर. माल खोटा निघाला हे कळायला सहा महिने, तोवर बिल नाही, दुकानदाराला चेहरा आठवत नाही. रागावू नका.

लेस्टरचा_जोशी

इथेही तेच रडगाणं आहे हो. माझी १९६७ ची मॉरिस मायनर. दोन वर्षांपूर्वी नवा रोटर आर्म (प्लगना ठिणगी वाटून देणारा फिरता तुकडा) बसवला, गाडी गरम झाली की बंद, वीस मिनिटांनी हूं की चूं न करता चालू. कार्ब्युरेटर तीनदा खोलला. शेवटी क्लबातल्या एका आजोबांनी रोटर हातात घेतला आणि मधला रिव्हेट दाखवला. स्वस्त काळ्या प्लास्टिकमध्ये कार्बन जास्त असतो, ठिणगी प्लगकडे जायचं सोडून रिव्हेटमधून खाली शाफ्टला उतरते. आता बिनरिव्हेटचा लाल रोटर वापरतो. इग्निशनच्या कंडेन्सरचं म्हणाल तर नवे तीन मेले, म्हणून भंगारातल्या गाडीचा काढून लावलाय. तो चालतोय.

फिटरकाका, तुमचं टॅक्सीचं गणित वाचून पटलं. इथे रोज चालणारी मायनर आता कुणाचीच नाही.

तारीख_पे_तारीख

कायद्याचं थोडक्यात. दुसऱ्याचा ट्रेडमार्क खोटा लावणं किंवा तसा माल विकणं हा १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याखाली गुन्हा आहे, कलम १०३ आणि १०४, सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि दंड. ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं. पण बिलाशिवाय मी तरी ही केस घेणार नाही.

वाईकर_११००

आठ दिवसांनी लिहितोय.

टाकीतलं ऑइल पाण्यात साखरेसारखं मिसळलं. तवंग नाही. फ्री प्लेही आहे. मग भाच्याला पाठवून त्याच दुकानातून तेच किट आणलं, यावेळी बिल घेऊन. पिशवी स्टेपलवालीच. दोन्ही कप लोणच्याच्या रिकाम्या बरणीत, नवं डॉट ३ ब्रेक ऑइल, गच्चीवर तीन दिवस. आई रोज विचारायची, कसलं मुरवतोयस?

निकाल चक्रावणारा आहे. मागचा कप जसाच्या तसा, व्हर्नियर हललं नाही. पुढचा, ज्याच्यावर खरा दाब येतो तो, जवळजवळ दोन मिलिमीटर वाढला. एकाच पिशवीतले दोघे!

कुर्ल्याचा_फिटर

चक्रावू नका. किट भरणारा दहा ठिकाणचे कप आणून पिशव्या भरतो. फुगलेला बहुतेक नायट्राइल रबरचा असणार. ते पेट्रोल आणि इंजिन ऑइलला उत्तम, ब्रेक ऑइलमध्ये फुगतं. ब्रेकला ईपीडीएम किंवा एसबीआर जातीचं रबर लागतं. उलट ईपीडीएमचा पाइप पेट्रोलला लावलात तर तो फुगतो. हातात घेतल्यावर दोन्ही काळी, दोन्ही मऊ. न फुगलेला कपही वापरू नका, त्याचं खानदान माहीत नाही. आणि ती बरणी दुकानात घेऊन जा.

वाईकर_११००

गेलो होतो. बरणी काउंटरवर ठेवली, बिल शेजारी. काही बोललो नाही. दुकानदारानं बरणी उजेडात धरली, झाकण उघडून वास घेतला, मग आत गेला आणि दुसरं खोकं घेऊन आला. तीच कंपनी, तोच रंग, पिशवी चिकटवलेली. म्हणाला, "हे घ्या साहेब. हे मी गॅरेजवाल्यांना देतो." पैसे जास्तीचे नव्वद.

तेही बरणीत टाकलंय. शुक्रवारी मोजून कळवतो.