क्लबहाउसच्या खिडक्या

बी-५०४: नमस्कार. क्लबहाउसमधल्या अभ्यासिकेतली आठ मुलं या आठवड्यात तापाने, खोकल्याने घरी आहेत. सोमवारपासून क्लबहाउसच्या सगळ्या खिडक्या बंद दिसतात. कोणी बंद करायला सांगितल्या?

ए-१०३: ताई, मीच सांगितलं वॉचमनला. माझ्या मुलाला दमा आहे. सकाळी इतकं धुरकं असतं की समोरची इमारत दिसत नाही. परवा रात्री त्याला दोनदा पंप द्यावा लागला. उघड्या खिडकीशी त्याला बसवायचा धीर होत नाही हो.

सी-२०१: हवा बदलली की सर्दी-खोकला यायचाच. थंडी बाधते. कान झाकून ठेवा मुलांचे.

सी-६०२: काका, थंडी बाधते यात तथ्य आहे, पण नुसत्या थंडीने फ्लू होत नाही. विषाणू कुणाच्या तरी श्वासातूनच यावा लागतो. थंडी त्याला वाट करून देते. मी छातीच्या वॉर्डात नर्स आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गार हवेत वाफ फार मावत नाही. शून्य अंशाला एका घनमीटरमध्ये जेमतेम ५ ग्रॅम, २० अंशाला साधारण १७ ग्रॅम. म्हणून कडाक्याच्या थंडीतली हवा घरात येऊन तापली की कोरडी पडते. अशा हवेत खोकल्यातले बारीक थेंब पटकन सुकतात, हलके होतात आणि खाली पडायच्या ऐवजी तरंगत राहतात. आपलं नाकही सुकतं. श्वासमार्गात केसांसारखे अगदी बारीक तंतू असतात, ते शेंबडासकट घाण बाहेर ढकलतात. ओलावा गेला की त्यांचं काम मंदावतं. २००७ मध्ये गिनीपिगांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. २० अंश तापमानात हवा कोरडी असताना फ्लू शेजारच्या पिंजऱ्यात सहज गेला, आर्द्रता ८० टक्के केली तेव्हा गेलाच नाही.

बी-३०२: मग उष्ण प्रदेशात फ्लू पावसाळ्यात का वाढतो? तेव्हा तर हवा ओलीचिंब असते.

सी-६०२: बरोबर विचारलंत सर. एकट्या आर्द्रतेवर सगळं ठरत नाही. पाऊस लागला की माणसं आत येतात, दारं-खिडक्या लावतात आणि एकमेकांची हवा घेत बसतात. थंडीतही आपण तेच करतो. माझ्या मते आपल्या अभ्यासिकेत हेच झालंय.

ए-१०३: पण बाहेरचा धूर? तोही वाईटच ना? की त्याचा आणि तापाचा संबंध नाही?

सी-६०२: चांगलाच संबंध आहे. पीएम २.५ म्हणजे २.५ मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण. आपल्या केसाची जाडी याच्या वीसपट तरी असते. हे कण पार फुफ्फुसाच्या शेवटच्या फुग्यांपर्यंत जातात. तिथे जंतू गिळणाऱ्या पेशी पहाऱ्यावर असतात. त्या काजळी गिळण्यात गुंतल्या की जंतू आल्यावर कमी पडतात. वाहनांच्या धुरातला नायट्रोजन डायऑक्साइड श्वासनलिकेचं अस्तर सुजवतो ते वेगळंच. चुलीच्या धुरात वाढणाऱ्या लहान मुलांना न्यूमोनियाचा धोका जवळपास दुप्पट असतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यामुळे तुमची काळजी अगदी रास्त आहे. फक्त खिडकी लावली म्हणजे धूर बाहेरच राहिला असं होत नाही, इतके बारीक कण फटींतून आत येतातच.

सी-२०१: म्हणूनच मी पहाटे साडेपाचला फिरायला जातो. तेव्हा गाड्या नसतात, हवा शुद्ध असते.

बी-३०२: काका, हे मात्र उलट आहे. मी भूगोल शिकवतो म्हणून सांगतो. थंडीच्या रात्री जमीन निवते, तिच्यालगतची हवा गार आणि जड होते आणि वर उबदार हवेचा थर बसतो, भांड्यावर झाकण ठेवावं तसा. वारा नसेल तर धूर खालीच कोंडतो. लंडनला डिसेंबर १९५२ मध्ये असंच झाकण पाच दिवस बसलं होतं. सुरुवातीला चार हजार मृत्यू धरले गेले, पुढच्या अभ्यासांनी तो आकडा बारा हजारांपर्यंत नेला. बरेचसे श्वसनाच्या आजारांनी. ऊन चढून जमीन तापली की हवा वर उठते आणि झाकण सुटतं. पहाटे ते सगळ्यात घट्ट असतं.

सी-२०१: चाळीस वर्षं पहाटेच जातोय. उद्यापासून नऊनंतर जाईन. खोकला मलाही आहे दोन आठवडे, बोललो नव्हतो.

सी-६०२: काका, दोन आठवड्यांचा खोकला अंगावर काढायचा नाही. आज छाती तपासून घ्या, सोबत मी येते.

बी-५०४: आज भावाकडून कार्बन डायऑक्साइडचा मीटर आणला. बाहेर ४३०, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४३० भाग हा वायू. अभ्यासिकेत बावीस मुलं, पाऊण तासात १,९००. काचांना आतून वाफ धरली होती, एका मुलीने बोटाने त्यावर स्वतःचं नाव लिहिलं. ते बघून पोटात कालवलं. ती सगळी मुलांच्या श्वासाची वाफ.

सी-६०२: ताई, बाहेर सोडलेल्या श्वासात हा वायू साधारण ४ टक्के असतो, म्हणजे दहा लाखांत चाळीस हजार. तुमच्या १,९०० वरून हिशोब केला तर तिथल्या पंचवीस-तीस श्वासांमागे एक आधीच कुणाच्या तरी छातीत जाऊन आलेला होता. एक मूल फ्लू घेऊन आलं की पुरे.

ए-१०३: देवा. मी मुलाला वाचवायला निघाले होते.

सी-६०२: अहो, तुमचं अर्धं बरोबरच होतं. वेळ चुकली फक्त. धुरकं असताना खिडक्या लावा, पण तेव्हा आत गर्दी करू नका. दुपारी समोरासमोरच्या खिडक्या उघडा, एका बाजूच्या उघडून हवा खेळत नाही. हेपा फिल्टरचं यंत्र बसवलं तर ते धुराचे कण आणि विषाणूवाहू थेंब दोन्ही पकडतं. मीटरवरचा आकडा मात्र त्याने उतरणार नाही, त्याला बाहेरची हवाच लागते. आणि मुलाचा रोजचा प्रतिबंधक पंप बरं वाटलं म्हणून थांबवू नका. फ्लूच्या लशीचंही त्याच्या डॉक्टरांना विचारा.

सेक्रेटरी: सगळं वाचलं. उद्यापासून सकाळची अभ्यासिका बंद, बॅच दुपारी तीनला. दोन्ही बाजूंच्या खिडक्या अडीचलाच उघडल्या जातील. मीटर १,००० च्या वर गेला की अर्धी मुलं बाहेर कट्ट्यावर. ताप-खोकला असलेल्यांनी घरीच राहावं. फिल्टरचा विषय रविवारच्या मीटिंगमध्ये घेतो.

ए-१०३: तीन वाजता मी स्वतः बसेन मीटर घेऊन. खिडकी उघडायलाही मीच येते अडीचला.