कंडिशनल प्रोबॅबिलिटी शिकवायला नेमकी कोणती आकृती काढता? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी नागपुरात अकरावी-बारावीचे गणिताचे क्लासेस घेतो. कंडिशनल प्रोबॅबिलिटीचा, म्हणजे एक गोष्ट घडली हे माहीत असताना दुसरीची शक्यता काढायचा, बेजचा फॉर्म्युला पोरांना पाठ असतो, आकडे टाकून उत्तरही आणतात, पण 'ए दिलं असताना बी' आणि 'बी दिलं असताना ए' यात फरक काय विचारलं की वर्ग गप्प.

यावेळी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं उदाहरण घेतलं, विदर्भात हा आजार बराच आहे, सोल्युबिलिटी टेस्ट (रक्ताची साधी पहिली तपासणी) पॉझिटिव्ह आली की एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या लॅबमधल्या नेमक्या तपासण्या करून पक्कं करतात हे काहींना घरूनच माहीत होतं. आकडे मात्र हिशोबाला सोपे पडावे म्हणून मनाचे धरले. १००० लोक, १०० जणांत सिकलचा जीन, त्यातले ९५ टेस्टमध्ये सापडतात आणि उरलेल्या ९०० पैकी ४५ जणांनाही चुकून पॉझिटिव्ह येतं. मग पॉझिटिव्ह आलेल्यात खरंच जीन असायची शक्यता किती? सगळे म्हणाले ९५ टक्के. येते १४० पैकी ९५, म्हणजे जवळपास ६८ टक्के.

ट्री (फांद्या फुटत जाणारी आकृती) काढला तर फांद्या जीनकडून टेस्टकडे जातात आणि प्रश्न असतो उलटा, त्यामुळे पोरं ९५ च्या फांदीवर बोट ठेवून मोकळी होतात. वेन डायग्राममध्ये (एकमेकांवर येणाऱ्या गोलांची आकृती) गोल केवढा काढला याला काही अर्थच नसतो. शेवटी मोठा चौकोन काढला, उभी रेघ मारून १० आणि ९० टक्के असे भाग केले, दोन्हीकडचे पॉझिटिव्ह रंगवले आणि बाकी सगळं डस्टरने पुसून टाकलं. तेव्हा एक मुलगी म्हणाली, "सर, म्हणजे आता भागायचं १४० नेच ना, १००० कुठे राहिले?" मला तर वाटतं हे पुसणं कळल्याशिवाय फॉर्म्युला द्यायचाच नाही.

पण अडचण अशी की १० टक्क्यांची पट्टी फळ्यावर कशीबशी दिसते, १ टक्का घेतला तर रेघच उरते, आणि मापात नाही काढलं तर क्षेत्रफळाचा मुद्दाच जातो ना. तुम्ही काय करता? ट्रीमध्ये टक्क्यांऐवजी माणसंच लिहून, त्याखाली टेस्टपासून सुरू होणारा उलटा ट्री (१४० मध्ये ९५ आणि ४५, ८६० मध्ये ५ आणि ८५५) कोणी जोडून दाखवलाय का? चौकोन आधी घ्यावा की हा ट्री? जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये रेघ सरकवता येईल असा चौकोन कोणी बनवला असेल तर प्लीज फाईल द्या, पुढच्या बॅचला लगेच वापरतो.