मालिश, उसण, फिजिओ... हाताच्या उपचारांचे अनुभव सांगा

मोगरा_७: वहिनीकडे मालिशवाल्या मावशी यायला लागल्यात. तेलाचा वास घरभर पसरला आणि आजोळ आठवलं. आजी रात्री काशाच्या वाटीने, तूप लावून तळपाय घासायची. तळवे काळे झाले की "बघ, उष्णता निघाली." उष्णतेचं माहीत नाही, झोप मात्र मस्त लागायची. सध्या लॅपटॉपमुळे मान पुढे आलीये. फिजिओ मानेखालच्या गाठी अंगठ्याने दाबते तेव्हा जीव जातो, पण उठल्यावर खांदे कानापासून खाली आलेले असतात. तुमचेही येऊ द्या.

कडकलक्ष्मी: उसण भरली की पायाळू (जन्मताना पाय आधी आलेल्या) माणसाची लाथ!! आमच्या आळीत एकच पायाळू काकू, सकाळी दारात रांग. काका म्हणायचे, फुकट सेवा फक्त बाहेरच्यांनाच का 😂

निवांत: सासूबाई पायाळू आहेत. मी कंबर दुखते असं घरात बोलतच नाही.

शेवंता: फ्रोजन शोल्डर. शुगरवाल्यांना जास्त होतो म्हणे, मला आहेच. वेणी घालता येईना. आधी शेक, मग फिजिओ हात धरून हळूहळू वर न्यायची, डोळ्यांतून पाणी. शिवाय घरी भिंतीवर बोटं चढवायची, रोज. आता वेणी येते, मागचा हुक अजून नाही. कुकर झाला, येते.

पाठीराखी: मी फिजिओ, दोन पेशंटच्या मधे टायपतेय. दाबल्याने स्नायू सैल होतो, दुखणं थोडा वेळ कमी होतं. त्या वेळात व्यायाम करून घ्यायचा, खरं काम तिथे. नुसत्या मालिशने पोक जात नाही. नवीन कंबरदुखीला आधी शेक, मसाज वगैरे करून बघा, गोळ्या नंतर, असं अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सनेही २०१७ मध्ये सांगितलंय. एकाच पोटरीला सूज असेल, गरम लागत असेल तर चोळू नका, रक्ताची गुठळी असू शकते. कंबरदुखीबरोबर लघवीचा ताबा गेला तर तडक हॉस्पिटल.

चहाबाज: आणि सलूनमध्ये चंपीनंतर मान कडाकड मोडतात ते? मला तर आवडतं.

पाठीराखी: @चहाबाज चंपी करा, मान मोडू देऊ नका. झटक्याने मानेतली रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झालेल्या केसेस आहेत. क्वचित, पण आहेत.

चहाबाज: गेलं ते सुख पण.

रांगडा: मामा कोल्हापुरात तालमीत होता. जोर-बैठका झाल्या की पोरं एकमेकांना रगडायची. त्याच्या हाताखाली एकदा गेलं की आठवडाभर पाठ सरळ (घाबरून). आणि वर थंडाई! बदाम, खसखस, मिरी, बडीशेप, पाट्यावर वाटलेली.

शेवंता: खसखस भिजवून की भाजून?

रांगडा: भिजवून ओ ताई. भाजून नाही.

निवांत: मोगरा, मावशी हल्ली किती घेतात? कोथरूडला येतील का? बहिणीला पुढच्या महिन्यात तारीख दिलीये.

मोगरा_७: विचारून व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. बाळाची अंघोळ धरून वेगळे घेतात बहुतेक.