मदत हवी आहे : क्लॅरेन्स क्लेमन्ससारखा खरखरीत सूर कसा काढायचा?

दीड वर्ष टेनर सॅक्सोफोन शिकतोय, तो केवळ क्लॅरेन्स क्लेमन्समुळे. अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या ई स्ट्रीट बँडचा हा सॅक्सोफोनवादक, टोपणनाव 'बिग मॅन'. नऊ वर्षांचा असताना नाताळात वडिलांनी त्याला सॅक्सोफोन दिला; त्याला हवी होती खेळण्यातली आगगाडी! पुढे मोटार अपघाताने फुटबॉलचं स्वप्न मोडलं आणि १९७१ साली न्यू जर्सीतल्या ॲस्बरी पार्कला स्प्रिंगस्टीन भेटला. २०११ मध्ये पक्षाघाताने क्लॅरेन्स गेला, त्या दिवशी खूप रडलो होतो.

आता अडलोय स्प्रिंगस्टीनच्या १९७५ च्या 'जंगललँड' गाण्यातल्या क्लॅरेन्सच्या सोलोवर (एकट्या सॅक्सोफोनच्या तुकड्यावर). दोन मिनिटांहून जास्त लांबीचा आहे. स्वर पाठ झालेत, पण त्याच्या आवाजातली ती खरखर काही येत नाही. फुंकतानाच घशातून गुणगुणायचं, हे माहीत आहे. पण गुणगुणायला लागलो की ओठांची पकड सुटते आणि रीड (तोंडात धरायच्या भागावरची पातळ पट्टी) चिरकते. लांब स्वरांवर दमही पुरत नाही.

गुणगुणण्याचा स्वर वाजवत्या स्वरापेक्षा वेगळा ठेवायचा का? आधी मधल्या सप्तकात सराव करू की थेट वरच्या? कुणी हा सोलो वाजवला असेल तर श्वास कुठे घेता, तेवढं तरी नक्की सांगा.