उत्तर: बसचं कोटेशन, डिझेल सरचार्ज (आज रात्रीपर्यंत कळवा)

खजिनदार:
मंडळी, बसवाल्याचा परत मेल आलाय. सप्टेंबरच्या कार्यक्रमाच्या दोन्ही बसना डिझेल सरचार्ज "त्या आठवड्याच्या भावाने" लावणार म्हणतो, नाहीतर आत्ताच सगळे पैसे भरा आणि रेट पक्का करा. उद्या सकाळी उत्तर द्यायचंय. भरू का?

सहसचिव:
घाई कशाला? क्रूड (कच्चं तेल) खाली आलंय, आणि वादळ आलंच तर सरकारचा तेलसाठा आहे की, इथे टेक्सास-लुइझियानात मिठाच्या गुहांमध्ये. आणि बसचं काम ट्रान्सपोर्ट कमिटीकडे आहे, मागच्या वर्षीच ठरलं होतं हे. आधी आम्हाला विचारा ना.

काका:
कमिटीचं तुम्ही बघा, पण क्रूड बघून डिझेलचा अंदाज बांधू नका. २०१७ ला हार्वी वादळाच्या आठवड्यात क्रूड उतरलं आणि गॅस (म्हणजे पेट्रोल) चढला, कारण देशाची जवळपास पाव रिफायनिंग कपॅसिटी बंद पडली, मग क्रूड घेणार कोण? गुहेत असतं ते कच्चं तेल, ते थेट बसमध्ये घालता येत नाही. आणि रिफायनरी म्हणजे काही दिव्याचं बटण नाही, बंद करताना युनिट हळूहळू थंड करायचं, परत चालू करताना आधी वीज, मग वाफ, मग सावकाश तापवायचं, पाणी शिरलं असेल तर प्रत्येक मोटर उघडून बघायची. २००५ ला रिटा वादळाच्या वेळी मी राइड-आउट क्रूमध्ये होतो, म्हणजे वादळात रिफायनरीतच थांबणाऱ्यांत. शटडाउनच्या रात्री फ्लेअर (उरलेला वायू जाळणारी ज्योत) एवढा मोठा होता की पार्किंगमध्ये आमच्या सावल्या पडत होत्या. वारा एका दिवसात गेला, आमचं युनिट पूर्ण लोडवर यायला आठवडे लागले. पैसे भरा.

वहिनी:
काका, रिटाचं नाव काढलंत आणि अंगावर काटा आला. आम्ही १९ तास गाडीत होतो, गॅस पुरावा म्हणून एसी बंद, मुलगी सात महिन्यांची, आणि दिसेल त्या पंपाच्या नळीवर पिशवी बांधलेली, म्हणजे गॅस संपलेला. बेरिल वादळात, २०२४ मध्ये, उलटं झालं, पंपाखाली टाकी भरलेली पण लाइट नाही म्हणून वर खेचता येईना आणि जनरेटरसाठी सगळे कॅन घेऊन रांगेत. म्हणून भावाचं राहू द्या, बसवाल्याकडे स्वतःची डिझेल टाकी आहे का ते विचारा.

माजी अध्यक्ष (आता अटलांटा):
लिस्टवर अजून आहे म्हणून लिहितो. २००८ ला आइक वादळ तुमच्याकडे गॅल्व्हेस्टनला आलं, इथे कोरडं ऊन, तरी आम्ही दोन-दोन तास गॅसच्या रांगेत. इंधनाची पाइपलाइन तुमच्याकडून निघते, तिकडे भरायलाच माल नाही तर इकडे येणार काय?

सहसचिव:
काका, गुहांचं पटलं. पण सगळे पैसे भरले आणि वादळामुळे कार्यक्रमच रद्द झाला तर? रिफंड लिहून घ्या.

खजिनदार:
आत्ताच फोन केला. त्याच्या यार्डात टाकी आहे, पंपिंगला जनरेटरही आहे. निम्मे आत्ता, निम्मे आदल्या आठवड्यात, रेट आजचाच, याला तयार आहे, पण रिफंड लिहून द्यायला का-कू करतोय. ट्रान्सपोर्ट कमिटीला आधी सांगायला हवं होतं, चुकलंच. उद्या नऊला परत बोलणार आहे, तुमच्यापैकी कोणीतरी लाइनवर या.